वेगवेगळ्या संगणकांवरील बुद्धिबळ-इंजिने नेटवर्कने जोडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका संगणकावर पट आणि दुसऱ्यावर इंजिन (म्हणजे खेळ्या शोधणारा प्रोग्रॅम) चालवू पाहणारे, तसेच दोन संगणकांवरच्या इंजिनांचे सामने लावणारे वाचक जे प्रश्न सतत पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. आज्ञांची आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीत लिहावी लागतात.

१. माझ्या संगणकावर एक इंजिन आहे आणि मित्राच्या संगणकावर दुसरे. ती दोन्ही थेट एकमेकांना जोडून खेळवता येतील का?

थेट नाही. आजची बहुतेक इंजिने यूसीआय हा संवादनियम पाळतात. रुडॉल्फ ह्यूबर आणि श्टेफान मायर-काहलेन यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. या नियमात इंजिन स्वतःहून काहीच करत नाही. त्याला एका ओळीत पटावरची स्थिती सांगायची, दुसऱ्या ओळीत ‘गो’ म्हणत दोन्ही बाजूंचा उरलेला वेळ सांगायचा, आणि मग ते विचार करून ‘बेस्टमूव्ह’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ परत देते. समोर कोण खेळत आहे, कोणाचा वेळ संपला, तीच स्थिती तिसऱ्यांदा आली का, हे पाहणे त्याचे काम नाही. दोन इंजिने थेट जोडली तर दोघेही आज्ञेची वाट पाहत बसतील.

म्हणून मध्ये पंच लागतो. क्यूट चेस किंवा एरिना यांसारखा पट-प्रोग्रॅम हे काम करतो. तो कोणत्याही एका संगणकावर चालतो आणि दोन्ही इंजिनांना आज्ञा देतो. इंजिनाला नेटवर्क ठाऊकच नसते. ते एका बाजूने ओळ वाचते आणि दुसऱ्या बाजूने ओळ लिहिते. ती ओळ शेजारच्या प्रोग्रॅमकडून आली की दुसऱ्या शहरातून, याने त्याला फरक पडत नाही. त्यामुळे नेटवर्कचा सगळा खटाटोप ‘ओळी न बदलता आणि न अडकता पोहोचवणे’ एवढ्यावर येतो, आणि मधला दुवा जितका मुका ठेवाल तितका त्रास कमी होतो.

२. ही कल्पना इंटरनेटनंतरची आहे का?

नाही. १९६६ साली स्टॅनफर्डमधला कोटोक-मॅकार्थी प्रोग्रॅम आणि मॉस्कोच्या सैद्धांतिक व प्रायोगिक भौतिकी संस्थेचा प्रोग्रॅम यांच्यात तारेने खेळ्या पाठवून चार डावांचा सामना सुरू झाला. तो सुमारे नऊ महिने चालला आणि मॉस्कोने दोन विजय व दोन बरोबऱ्यांसह ३–१ असा जिंकला. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये संगणकांची पहिली मोठी स्पर्धा झाली, तेव्हा बहुतेक प्रोग्रॅम दूरच्या मोठ्या संगणकांवर चालत होते आणि स्पर्धेच्या दालनाशी टेलिफोनने जोडलेले होते. २००५ साली लंडनमध्ये मायकेल अ‍ॅडम्स यांना ५½–½ असे हरवणारे हायड्रा हे यंत्रही प्रत्यक्षात अबू धाबीत होते. संवादाचे साधन बदलत गेले, पण पटापाशी पंच आणि दूर कुठेतरी यंत्र ही मांडणी तीच राहिली.

३. यूसीआय आणि एक्सबोर्ड या दोन संवादनियमांपैकी नेटवर्कसाठी कोणता चांगला?

इंजिन दोन्ही बोलत असेल तर यूसीआय घ्यावा. टिम मान यांच्या एक्सबोर्ड प्रोग्रॅमबरोबर वाढलेल्या जुन्या नियमात इंजिन संपूर्ण डाव स्वतःच्या स्मरणात ठेवते आणि त्याला फक्त नवी खेळी कळवली जाते. यूसीआयमध्ये पंच प्रत्येक वेळी आरंभापासूनच्या सगळ्या खेळ्या पुन्हा सांगतो. हे वरवर उधळपट्टीचे वाटते, पण जोडणी तुटून पुन्हा जुळल्यावर डाव जिथल्या तिथे उचलता येतो, तो याचमुळे (प्रश्न १० पाहा). इंजिन फक्त यूसीआय आणि पट फक्त एक्सबोर्ड जाणत असेल, तर फाबियाँ लतूझे यांचा पॉलिग्लॉट हा दुभाषा मध्ये ठेवता येतो. तो पटाच्याच संगणकावर ठेवावा.

४. दूरचे इंजिन जोडण्याची सर्वांत सोपी आणि भरवशाची पद्धत कोणती?

एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे आज्ञा चालवण्याचे साधन. पट-प्रोग्रॅमला ‘इंजिनाची फाईल’ म्हणून खऱ्या इंजिनाऐवजी एक छोटी स्क्रिप्ट द्यायची. तिच्यात एकच ओळ असते: एसएसएच, वापरकर्त्याचे नाव व दूरच्या संगणकाचा पत्ता, आणि त्या संगणकावरच्या इंजिनाचा पूर्ण मार्ग. पट-प्रोग्रॅमला वाटते की आपण इंजिन सुरू केले. खरे तर त्याने एसएसएच सुरू केलेले असते आणि ते दोन्ही बाजूंच्या ओळी मुकाट्याने पोहोचवत राहते. विंडोज १० आणि ११ मध्ये ओपनएसएसएच उपलब्ध असते, आणि जुन्या यंत्रांवर पुट्टीसोबत येणारा प्लिंक तेच काम करतो. काही पट-प्रोग्रॅम स्क्रिप्ट न स्वीकारता फक्त एक्झी फाईल मागतात; तेथे एसएसएचचीच एक्झी द्यावी आणि बाकीचा मजकूर ‘पॅरामीटर’च्या रकान्यात लिहावा.

तीन गोष्टी मात्र न चुकता पाळाव्यात. पासवर्डऐवजी किल्ली (ओळख पटवणारी फाईल) वापरावी, कारण पट-प्रोग्रॅम पासवर्ड टाइप करू शकत नाही. तो ‘यूसीआय’ ही ओळ पाठवतो आणि एसएसएच तोच शब्द पासवर्ड समजू शकते किंवा नुसते थांबून राहते. दुसरे, पहिली जोडणी हाताने करून दूरच्या संगणकाची ओळख एकदा मान्य करावी, नाहीतर ‘होय की नाही’ हा प्रश्न पडद्याआड तसाच लटकत राहतो. तिसरे, लहान ‘टी’ हा पर्याय लावू नये. त्याने दूरच्या बाजूला खोटे टर्मिनल तयार होते, पाठवलेली प्रत्येक आज्ञा प्रतिध्वनीसारखी परत येते आणि पट-प्रोग्रॅम गोंधळतो. लॉगिन होताच स्वागताचा संदेश छापणाऱ्या ओळी कोणी बॅशच्या सेटिंगच्या फाईलमध्ये घालून ठेवल्या असतील तर त्याही काढाव्यात.

पट-प्रोग्रॅमला हात लावण्याआधी ती स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये चालवून पाहावी. ‘यूसीआय’ टाइप केल्यावर इंजिनाचे नाव, पर्यायांची यादी आणि शेवटी ‘यूसीआयओके’ आले पाहिजे. ‘इझरेडी’ला ‘रेडीओके’ हे उत्तर आले पाहिजे. एवढे होत नसेल तर पट-प्रोग्रॅममध्ये कितीही खटपट केली तरी व्यर्थ आहे.

५. घरातल्या घरात एसएसएचची काय गरज? नेटकॅट या ओळी पोहोचवणाऱ्या साध्या साधनाने पोर्ट (नेटवर्कवरचे दार) उघडून इंजिन जोडले तर चालेल ना?

चालेल, आणि वेगानेही चालेल. परंतु ते पोर्ट घराबाहेर कधीही उघडे ठेवू नये. यूसीआयमध्ये ओळख पटवण्याची कोणतीही सोय नाही, जो जोडला जाईल तो इंजिनाला वाटेल ती आज्ञा देऊ शकतो. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनात ‘डीबग लॉग फाईल’ नावाचा पर्याय आहे. त्यात फाईलचे नाव दिले की इंजिन सगळा संवाद त्या फाईलमध्ये लिहू लागते. म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती तुमच्या संगणकावर फाईल लिहिण्याचे साधन गेले. हॅश (आधीचे विश्लेषण साठवण्याची जागा) वाढवून सगळी मेमरी खाऊन टाकणे तर त्याहून सोपे. एकदा बसवलेली एसएसएचची किल्ली पुन्हा कधी त्रास देत नाही, म्हणून आमच्या मते घरातही तीच वापरावी.

६. जोडणी होते, पण इंजिन उत्तरच देत नाही. टर्मिनलमध्ये मात्र तेच इंजिन नीट चालते. असे का?

हा बहुधा बफरचा, म्हणजे पुढे पाठवण्याआधी मजकूर साठवणाऱ्या जागेचा, दोष असतो. इंजिनाचे लेखन टर्मिनलवर जात असेल तर सी भाषेचे ग्रंथालय ओळ पूर्ण होताच ती पुढे ढकलते. लेखन पाइपमध्ये जात असेल तर काही हजार अक्षरे साचेपर्यंत ते थांबते. इंजिनाने ‘यूसीआयओके’ लिहिलेले असते, पण ते त्याच्याच खिशात पडून राहते. प्रसिद्ध इंजिने प्रत्येक ओळीनंतर बफर रिकामा करतात, त्यामुळे हा त्रास मुख्यतः स्वतः लिहिलेल्या इंजिनांत आणि त्याहून अधिक मधल्या पुलांत (ओळी पोहोचवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांत) दिसतो. पायथनमध्ये चार ओळींचा पूल लिहून इंजिन जोडणाऱ्यांनी प्रत्येक ओळीनंतर ‘फ्लश’ केले आहे का, हे दोन्ही दिशांना तपासावे. एका दिशेला केलेले आणि दुसरीकडे विसरलेले असे फार वेळा आढळते.

स्वतः सॉकेट लिहिणाऱ्यांनी टीसीपीमधील नेगलची पद्धतही बंद करावी. ती छोटे तुकडे एकत्र साठवून पाठवते, आणि पलीकडचा संगणक पोचपावती थोडी उशिरा देत असेल तर काही वेळा एकेका ओळीमागे दशांश सेकंदाच्या आसपासचा खोळंबा होतो.

उत्तर येते पण फार उशिरा, अशी तक्रार असेल तर कारण वेगळे असू शकते. मोठा हॅश राखून ठेवताना किंवा लीला चेस झिरोसारख्या इंजिनाचे न्यूरल जाळे वाचले जात असताना पहिले ‘रेडीओके’ यायला काही सेकंद लागतात. काही पट-प्रोग्रॅम तेवढे न थांबता इंजिन बंद पडल्याचे जाहीर करतात. त्यांत थांबण्याची मुदत वाढवावी.

७. माझे दूरचे इंजिन जिंकत असलेला डाव वेळ संपून हरते. दोष कोणाचा?

दोष बहुतेक वेळा वेळेच्या हिशेबात असतो. घड्याळ पंचाकडे असते. पंचाने ‘गो’ पाठवल्या क्षणापासून ‘बेस्टमूव्ह’ त्याच्या हाती येईपर्यंतचा सगळा वेळ इंजिनाच्या खात्यावर पडतो, आणि त्यात जाण्यायेण्याचा प्रवासही आला. इंजिन मात्र स्वतःच्या विचाराचाच वेळ मोजते. समजा, एक मिनिटाचा डाव आहे, प्रत्येक खेळीला जाऊनयेऊन १५० मिलिसेकंद लागतात आणि डाव ६० खेळ्यांचा झाला. तर ९ सेकंद, म्हणजे एकूण वेळेचा जवळजवळ सहावा भाग, तारेतच गेला. वेळवाढ (प्रत्येक खेळीला मिळणारा जादा वेळ) नसलेल्या डावात शेवटी इंजिन ‘माझ्याकडे अजून १०० मिलिसेकंद आहेत’ असे समजून शांतपणे विचार करत बसते आणि हरते.

यासाठी स्टॉकफिशमध्ये ‘मूव्ह ओव्हरहेड’ हा पर्याय आहे. त्याचे मूळ मूल्य १० मिलिसेकंद असते, आणि ते एकाच संगणकावर खेळण्यापुरते ठीक आहे. दूरच्या इंजिनासाठी तेथे नेहमीच्या विलंबाऐवजी वाईटात वाईट विलंबापेक्षा थोडे मोठे मूल्य द्यावे: घरातल्या तारेच्या नेटवर्कवर ५०, वायफायवर १०० ते २००, परदेशी सर्व्हरवर ३०० ते ५००. इतर इंजिनांत हाच पर्याय वेगळ्या नावाने असतो. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक खेळीला किमान एका सेकंदाची वेळवाढ ठेवणे, आणि सामने लावणाऱ्यांना आम्ही तोच आधी सुचवतो. क्यूट चेसमध्ये ‘टाइममार्जिन’ देऊन पंचालाच थोडे उदार करता येते; मात्र ती सवलत दोन्ही बाजूंना सारखी असावी.

घड्याळ दोन्हीकडे ठेवून प्रवासाचा वेळ वगळण्याची युक्तीही जुनी आहे. फ्री इंटरनेट चेस सर्व्हरवर ‘टाइमसील’ नावाचा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक खेळीवर खेळाडूच्याच संगणकावरची वेळ उमटवून पाठवत असे. माणसांसाठी ती न्याय्य होती. इंजिनांच्या सामन्यात, जेथे दोन्ही बाजूंचा विश्वास धरता येत नाही, तेथे घड्याळ एकाच ठिकाणी असणे अधिक बरे.

८. पिंग, म्हणजे संदेशाला जाऊनयेऊन लागणारा वेळ, किती असावा?

आकड्यापेक्षा त्याची स्थिरता महत्त्वाची. सतत १५० मिलिसेकंद असणारी जोडणी ही २० आणि ६०० यांच्यामध्ये उड्या मारणाऱ्या जोडणीपेक्षा कितीतरी चांगली, कारण तिच्यासाठी प्रश्न ७ मधले मूल्य नेमके ठरवता येते. काही मर्यादा निसर्गाच्याच आहेत: काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, मुंबई ते पॅरिस हे हवाई अंतर सुमारे ७ हजार किलोमीटर आहे, त्यामुळे जाऊनयेऊन ७० मिलिसेकंदांच्या खाली जाणे शक्यच नाही. समुद्रातल्या केबल सरळ रेषेत नसतात, म्हणून प्रत्यक्षात हा आकडा शंभराच्या बराच वर राहतो. भाड्याचा सर्व्हर घ्यायचा असेल तर मुंबईतला घ्यावा.

९. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केले (बाहेरची जोडणी घरच्या संगणकाकडे वळवली) तरी बाहेरून घरच्या संगणकाशी जोडणी होत नाही.

राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुमचा पुरवठादार अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देत आहे. आपल्याकडे मोबाइल जोडण्यांत आणि बऱ्याच फायबर जोडण्यांतही हे सर्रास चालते. अशा वेळी पोर्ट फॉरवर्ड करणे निरुपयोगी आहे, कारण बाहेरची हाक तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही.

मार्ग तीन आहेत. पुरवठादाराकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घ्यावा; किंवा दोन्ही संगणक वायरगार्ड अथवा टेलस्केलसारख्या खासगी जाळ्यात घालावेत; किंवा घरच्या संगणकाने आपणहून एखाद्या भाड्याच्या सर्व्हरकडे उलटा एसएसएच बोगदा काढावा. सर्वसामान्य वापरासाठी टेलस्केल पुरेसे आहे. दोन्हीकडे आयपीव्ही६ मिळत असेल तर चौथा मार्गही खुला आहे, पण राउटरची भिंत त्यातही उघडावी लागते.

याच घरगुती जोडण्यांचा आणखी एक उपद्रव म्हणजे शांतता त्यांना सहन होत नाही. इंजिन विचार करत असताना ‘इन्फो’च्या ओळींचा पाऊस पडत असतो आणि जोडणी जिवंत राहते. प्रतिस्पर्धी दीर्घ विचारात असताना मात्र तारेवर काहीच जात नाही, आणि मधली यंत्रणा काही मिनिटांनी ही जोडणी मेली असे समजून ती विसरते. एसएसएचमध्ये ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’ ३० सेकंद ठेवल्यास हा दोष जातो.

१०. डाव चालू असताना जोडणी तुटली तर काय होते?

पट-प्रोग्रॅमच्या दृष्टीने इंजिन कोसळले, आणि बहुतेक प्रोग्रॅम तो डाव हरल्याचे नोंदवतात. क्यूट चेसमध्ये सामना पुढे चालू ठेवण्यासाठी इंजिन पुन्हा सुरू करण्याचा पर्याय आधीच द्यावा लागतो. तुटलेला डाव हाताने पुढे न्यायचा तर इंजिन नव्याने जोडून तीच स्थिती द्यावी. यूसीआयमध्ये खेळ्यांची पूर्ण यादी पुन्हा जाते म्हणून काही बिघडत नाही, फक्त हॅशमधले आधीचे विश्लेषण गेलेले असते. तुटण्यापूर्वीच सामन्याचा नियम ठरवलेला असावा, नंतर ठरवलेला नियम कोणालाच पटत नाही. वीज जाणाऱ्या भागात संगणकाला यूपीएस असतो आणि राउटर विसरला जातो, हेही येथे सांगून ठेवतो.

दूरच्या बाजूला इंजिन मागे राहिले का, हेही पाहावे. इनपुट संपले की स्टॉकफिश स्वतःहून बंद होते, पण सगळी इंजिने इतकी शहाणी नसतात. अनंत विश्लेषणात अडकलेले एखादे अनाथ इंजिन रात्रभर सगळे कोअर व्यापून बसते, आणि पुढच्या डावात ‘आज वेग निम्मा का?’ असा प्रश्न पडतो.

११. दोन संगणक वापरण्याचा खरा फायदा काय? एकाच संगणकावर दोन इंजिने खेळतातच की.

फायदा मुख्यतः पाँडरिंगचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करण्याचा. एकाच संगणकावर दोन्ही इंजिने सतत विचार करू लागली तर ती एकमेकांचे कोअर आणि मेमरीचा वेग ओढतात, म्हणून तेथे पाँडरिंग बहुधा बंद ठेवतात. दोन वेगळ्या संगणकांवर ते मोकळेपणी चालू ठेवता येते.

नेटवर्कवर येथेच एक नाजूक जागा आहे. इंजिन एका अपेक्षित खेळीवर विचार करत असते. प्रतिस्पर्ध्याने तीच खेळी केली तर पंच ‘पाँडरहिट’ पाठवतो. वेगळी केली तर तो ‘स्टॉप’ पाठवतो, आणि नियमानुसार इंजिनाला तेव्हाही एक ‘बेस्टमूव्ह’ द्यावीच लागते. ती खेळी जुन्या, न घडलेल्या स्थितीतली असते आणि टाकून द्यायची असते. विलंबामुळे ती नवी स्थिती पाठवल्यानंतर पोहोचली आणि घाईने लिहिलेल्या पुलाने तिलाच खरी खेळी मानले, तर हत्ती नसलेल्या घरातून हत्ती हलतो आणि डाव ‘बेकायदा खेळी’ म्हणून संपतो. ‘स्टॉप’नंतर ती ‘बेस्टमूव्ह’ हाती आल्याखेरीज नवी स्थिती पाठवू नये.

संगणक वेगवेगळ्या ताकदीचे असतील तर रंगांबरोबर संगणकही बदलून प्रत्येक आरंभ खेळवावा, नाहीतर सामना इंजिनांचा न होता यंत्रांचा होतो.

१२. दोन संगणकांची ताकद एकत्र करून एकच इंजिन दुप्पट वेगाने चालवता येईल का?

घरगुती पातळीवर नाही म्हटलेले बरे. एका इंजिनाचे धागे (एकाच वेळी चालणारे त्याचे भाग) एकमेकांशी सामायिक हॅशमधून बोलतात, आणि ही बोलणी मेमरीच्या वेगाने व्हावी लागतात; नेटवर्क त्यापुढे हजारो पटींनी मंद आहे. स्टॉकफिशची एमपीआय (संगणकांमध्ये संदेश पाठवण्याची पद्धत) वापरणारी समूह-आवृत्ती प्रयोग म्हणून तयार झाली होती, पण तिला वेगवान जाळे लागते. त्याऐवजी कामच वेगवेगळे करावे. स्टॉकफिशच्या चाचण्या घेणारी फिशटेस्ट यंत्रणा २०१३ पासून हेच करते: स्वयंसेवकांच्या संगणकांवर स्वतंत्र डाव खेळले जातात आणि फक्त निकाल परत येतात.

१३. लायचेसवर माझे इंजिन खेळवायचे आहे. वरचे सगळे करावे लागेल का?

नाही. लायचेस हे ऑनलाइन बुद्धिबळाचे संकेतस्थळ, आणि तेथे पंच तेच. तुमच्या संगणकावर लायचेस-बॉट हा पूल चालवायचा. तो बाहेरच्या दिशेने जोडणी करतो, त्यामुळे प्रश्न ९ मधली अडचण येत नाही. खाते नवे आणि एकही डाव न खेळलेले असावे लागते, आणि बॉट म्हणून केलेला बदल उलटवता येत नाही. माणसाच्या खात्यावरून इंजिन खेळवणे ही सरळ फसवणूक आहे. ‘मूव्ह ओव्हरहेड’ वाढवायला विसरू नये.

१४. टेबलबेस (मोजक्या मोहऱ्यांच्या स्थितींची तयार उत्तरे) आणि न्यूरल जाळ्याची फाईल मी निवडली आहे, तरी दूरचे इंजिन ती सापडत नाही म्हणते.

पट-प्रोग्रॅममधले ‘ब्राउझ’ बटण तुमच्या जवळच्या संगणकाची डिस्क दाखवते, आणि निवडलेला मार्ग अक्षरशः तसाच दूरच्या इंजिनाला पाठवला जातो. लिनक्सवरच्या इंजिनाला ‘सी’ ड्राइव्ह माहीत नसतो. सिझिजी टेबलबेसचा आणि जाळ्याचा मार्ग दूरच्या संगणकावर जसा असेल तसा हाताने लिहावा. एकापेक्षा अधिक फोल्डर असतील तर विंडोजवर त्यांच्यामध्ये अर्धविराम आणि लिनक्सवर अपूर्णविराम लागतो. धाग्यांची संख्या आणि हॅश हेही पुन्हा तपासावेत, कारण काही प्रोग्रॅम जवळच्या संगणकाचे कोअर मोजून तोच आकडा दूरच्या इंजिनाला देतात. चार कोअरच्या लॅपटॉपवरून बत्तीस कोअरचा सर्व्हर चालवताना तो चारच धाग्यांवर खेळत राहतो, आणि कोणतीही त्रुटी न दिसल्यामुळे ते लवकर लक्षातही येत नाही.

१५. सगळे डाव नीट होतात, पण फिशर रँडममध्ये (मागच्या रांगेतली मोहरी वेगळ्या क्रमाने मांडून खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात) किल्लेकोट करताच डाव रद्द होतो.

नेहमीच्या बुद्धिबळात यूसीआय किल्लेकोट हा राजाच्या दोन घरांच्या चालीने लिहितो. फिशर रँडममध्ये राजाने स्वतःच्याच हत्तीचे घर घेतले, अशा रीतीने तो लिहिला जातो. ‘यूसीआय चेस९६०’ हा पर्याय एका बाजूला चालू आणि दुसरीकडे बंद राहिला की एकाची कायदेशीर खेळी दुसऱ्याला बेकायदा दिसते. पंच दोन्ही इंजिनांना हा पर्याय स्वतःहून पाठवतो. मात्र मधला पूल ‘सेटऑप्शन’च्या ओळी गाळत असेल किंवा त्यांत स्वतःची मूल्ये घुसवत असेल तर तो पोहोचत नाही. अशा पुलातली ती गाळणी काढून टाकावी आणि इंजिन नव्याने सुरू करून डाव पुन्हा लावावा.